दिव्यावर येणाऱ्या हिरव्या ढेकणांचा बंदोबस्त
पावसाळा सरत आला की संध्याकाळच्या दिव्यावर ढालीच्या आकाराचे हिरवे ढेकूण घरात येऊ लागतात. हा खाटेतला ढेकूण नव्हे. तो झाडांचा रस शोषतो, माणसाचे रक्त नाही. मात्र त्याला चपलेने चिरडण्याची घाई करू नये, कारण धोका जाणवताच तो छातीखालच्या ग्रंथींतून उग्र वासाचा द्रव सोडतो आणि तो वास हाताला, पडद्याला बराच वेळ चिकटून राहतो. (या द्रवातील काही अल्डिहाइडे, म्हणजे वासाची रसायने, कोथिंबिरीतही असतात, हे कळल्यावर चार दिवस चटणी नकोशी वाटते.) त्याऐवजी पसरट भांड्यातील पाण्यात भांडी घासण्याचा द्रवसाबण चमचाभर मिसळावा आणि भांडे किड्याच्या खाली धरून कागदाच्या तुकड्याने त्याला हलकेच ढकलावे, डिवचल्यावर तो बहुधा खालीच पडतो, आणि साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी झालेला असल्याने तरंगत न राहता बुडतो. अंधार पडण्यापूर्वी खिडक्या लावाव्यात, बाहेरचा पांढरा दिवा काढून पिवळा बसवावा. कुंडीतल्या टोमॅटोच्या किंवा घेवड्याच्या पानांखाली इवल्या पिंपांसारख्या अंड्यांचा दाट पुंजका दिसल्यास ते पान खुडून त्याच साबणपाण्यात टाकावे.