लिनक्सवर डायल-अप सर्व्हर: मोडेम जोडला जातो, पीपीपी (फोनलाइनवरून नेटवर्क जोडणारा प्रोटोकॉल) मात्र सुरू होत नाही (माझा अनुभव)

लक्षण: मोडेम फोन उचलतो, कनेक्ट होतो, आणि अर्ध्याएक मिनिटात लाइन तुटते. एमगेटीच्या (मोडेमवर आलेला फोन घेऊन लॉगिन विचारणारा प्रोग्रॅम) लॉगमध्ये युजरच्या नावाच्या जागी ~ ने सुरू होणारी अगम्य अक्षरं दिसतात.

केबल बदलली, वेग कमी केला, मोडेमची इनिट स्ट्रिंग (सुरुवातीला त्याला दिल्या जाणाऱ्या आज्ञा) बदलली, फरक शून्य. डोकं पार पिकलं.

ती अक्षरं म्हणजे पीपीपीच्या फ्रेम (डेटाचे तुकडे). विंडोजचा डायलर लॉगिनची वाट न पाहता त्या थेट पाठवतो, आणि एमगेटी त्यांना युजरचं नाव समजतं.

आधी एमगेटीच्या लॉगिन.कॉन्फिग फाइलमधल्या या ओळीपुढचं # काढा:

/ऑटोपीपीपी/ - ए_पीपीपी /यूएसआर/एसबिन/पीपीपीडी ऑथ रिक्वायर-पॅप लॉगिन

ही ओळ * ने सुरू होणाऱ्या ओळीच्या वरच हवी. फाइल वरून खाली वाचली जाते आणि * ला काहीही जुळतं, त्यामुळे खालच्या ओळीपर्यंत पाळी येतच नाही. माझं घोडं इथेच अडलं होतं.

मग पॅप-सीक्रेट्समध्ये (पीपीपीची नावं-पासवर्डची फाइल) * * "" * लिहा. पासवर्ड सिस्टिमच्या खात्यावरून तपासला जातो. शेवटी त्या पोर्टच्या ऑप्शन्स फाइलमध्ये 192.168.1.1:192.168.1.50 (आधी सर्व्हरचा पत्ता, मग फोन करणाऱ्याचा) आणि खाली प्रॉक्सीआर्प लिहा, म्हणजे फोनवरचं मशीन बाकी नेटवर्काला आपल्यातलंच वाटतं. दुसरा पत्ता आपल्या नेटवर्कात मोकळा असलेलाच द्या.