आकडे गावासमोर मांडताय? या चुका टाळा

'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' हे शब्द सभेत उच्चारू नका. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं, त्यानंतरच्या एका बैठकीत एका पाहुण्या अभ्यासकाने पडद्यावर पातळी दाखवून नेमकं हेच सांगितलं. मागचा दुकानदार पटकन म्हणाला, "म्हंजे आता पणतवंडांनी बघायचं! माल पुन्हा खाली लावायला हरकत नाय." हशा पिकला. दुसऱ्याने विचारलं, "मग २००५ चा कुठल्या शंभरातला?" अभ्यासकाकडे उत्तर होतं, पण ते पुढच्या आलेखात होतं, आणि तोवर चहा आला होता.

सांगायचं होतं ते एवढंच: तेवढा मोठा पूर कुठल्याही वर्षी येण्याची शक्यता एक टक्का. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची घटत नाही. ३० वर्षांचा हिशेब केला की ती २६ टक्क्यांवर जाते. मी टक्के नंतर काढतो. आधी म्हणतो, "घराचं कर्ज फिटायच्या आत तो येण्याची शक्यता चारात एक." लोक लगेच पोटमाळ्याच्या खर्चाचं विचारतात.

लाटांचंही तेच. अंदाजातली 'लाटांची उंची २ मीटर' ही बहुधा सर्वांत मोठ्या एकतृतीयांश लाटांची सरासरी असते; एखादी लाट जवळजवळ दुप्पटही उठते. हर्णै बंदरातल्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, मात्र 'जास्तीत जास्त २' असं ऐकू येतं. मी सरळ सांगतो, "मधूनच चारचीही येऊ शकते." हे शास्त्रशुद्ध नाही म्हणणाऱ्यांनी एकदा होडीत बसून यावं.

पाऊस नुसता मिलिमीटरमध्ये सांगू नका. २०० मिलिमीटर म्हणजे गुंठ्यावर वीस हजार लिटर.

दशांश चिन्हापुढचे आकडे खोडा.

आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होत नसेल तर तसं तोंडाने सांगा.

पुराची पातळी समुद्रसपाटीपासून किती, हे गावात कुणालाच नको असतं. चिपळूणच्या चिंचनाक्यात पाणी गुडघ्याला लागेल की दुकानाच्या पाटीला, ते सांगा.

नवशिक्यांना घाई असते ती रंगीत नकाशाची. सॉफ्टवेअरने दिला तो तस्साच चिकटवतात. लाल म्हणजे जास्त पाऊस की जास्त धोका, हे स्वतःलाही विचारत नाहीत. माझी सवय साधी आहे: आदल्या दिवशी ओळखीच्या एखाद्या रिक्षावाल्याला सगळं सांगायचं आणि काय कळलं ते त्याच्याच तोंडून ऐकायचं. यासाठी वेळ नाही म्हणणारे रात्री बारापर्यंत स्लाइडचे रंग बदलत बसलेले मी पाहिलेत.