अपडेटनंतर साइट पांढरी पडली तर

वर्डप्रेस (साइट चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा पीएचपी (ते ज्या प्रोग्रामिंग भाषेवर चालतं ती) अपडेट केलं आणि साइट पांढरीफटक पडली, तर घाबरून प्लगइन (साइटला जादा सोयी देणारे जोड-प्रोग्राम) डिलीट करत सुटू नका. सेटिंग्जही जाऊ शकतात. आधी अ‍ॅडमिनचा ईमेल उघडा. वर्डप्रेस ५.२ पासून (२०१९) बिघडलेल्या प्लगइनचं नाव आणि रिकव्हरी मोडची (बिघडलेला प्लगइन बाजूला ठेवून अ‍ॅडमिनमध्ये शिरण्याची) लिंक तिथे येते. स्पॅमही बघाच. काहीच आलं नसेल, तर होस्टिंगच्या (साइट जिथे ठेवलीय त्या सेवेच्या) फाइल मॅनेजरमधून संशयित प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला, शेवटी एखादं अक्षर जोडलं तरी पुरे. तेवढाच प्लगइन थांबतो, डेटा जागेवर राहतो. एरर लॉगमध्ये (सर्व्हर चुका नोंदवतो त्या फाइलमध्ये) 'अनडिफाइन्ड फंक्शन' आणि पुढे 'क्रिएट_फंक्शन' दिसलं, तर प्लगइनचा कोड जुना आहे. पीएचपी ८ मधून ते फंक्शन काढून टाकलंय. नवी आवृत्ती मिळेपर्यंत होस्टिंगमधून पीएचपी ७.४ वर आणता येईल, पण तिथे मुक्काम करू नका. तिचे सुरक्षा अपडेट २०२२ मध्येच थांबलेत.