फ्रान्सच्या डोंगराळ खेड्यांतून सायकल चालवताना या चुका टाळा

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या 1,200 किलोमीटरच्या सायकल मोहिमेमुळे महाराष्ट्रातल्या अनेक सायकलस्वारांना फ्रान्सची ओळख झाली आहे. ही मोहीम दर 4 वर्षांनी ऑगस्टमध्ये होते आणि 2019 व 2023 मध्ये आपल्याकडची बरीच मंडळी तिथे जाऊन आली. ती आटोपल्यावर आठवडाभर सुट्टी शिल्लक असेल, तर दक्षिणेकडचा सेव्हेन आणि आर्देशचा डोंगराळ भाग आरामात फिरण्यासारखा आहे. तिथे चेस्टनटची जंगले आहेत, दगडी घरांची खेडी आहेत आणि तासभरात जेमतेम चार-पाच मोटारी दिसतील असे डांबरी रस्ते आहेत. मात्र असे रस्ते आपोआप वाट्याला येत नाहीत. ते न सापडण्याची आणि सापडल्यावरही दिवस फसण्याची कारणे बहुधा ठरावीक असतात.

अक्षर पाहून रस्ता निवडणे

सर्वात मोठी चूक नकाशा वाचण्यात होते. फ्रान्समध्ये ‘ए’ म्हणजे मोटारींचा द्रुतगती मार्ग, ‘एन’ म्हणजे राष्ट्रीय रस्ता आणि ‘डी’ म्हणजे त्या-त्या जिल्ह्याचा, तिथल्या भाषेत ‘देपार्तमाँ’चा, रस्ता, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यावरून ‘डी’ म्हणजे शांत असा सोयीस्कर निष्कर्ष काढला जातो आणि तिथेच गणित बिघडते. 2006 च्या सुमारास हजारो किलोमीटर राष्ट्रीय रस्ते जिल्ह्यांकडे सोपवले गेले. अक्षर बदलले, पण ट्रक होते तिथेच राहिले. पूर्वीचा एन 20 लोत जिल्ह्यात आता डी 820 या नावाने ओळखला जातो आणि सायकलस्वाराने तो ‘डी’ आहे म्हणून धरावा असा तो मुळीच नाही. शिवाय हे क्रमांक प्रत्येक जिल्ह्याचे स्वतंत्र असतात. जिल्ह्याची हद्द ओलांडली की त्याच रस्त्याचा क्रमांक बदलू शकतो, त्यामुळे केवळ क्रमांक पाठ करून निघालेला माणूस हद्दीवर गोंधळतो.

माझ्या मते रस्ता निवडताना एकच प्रश्न विचारावा: हा रस्ता रिकामा असायला कारण काय? ज्या दोन गावांना तो जोडतो, त्यांच्यामध्ये दुसरा, रुंद आणि वेगवान रस्ता असेल, तर स्थानिक मोटारी, दुधाचे टँकर आणि लाकडाचे ट्रक तिकडून जातात आणि जुना रस्ता सायकलींसाठी मोकळा राहतो. असा पर्यायच नसेल, तर रस्ता कितीही अरुंद असला तरी सगळी वाहतूक त्याच्यावरच येणार.

याचे उत्तम उदाहरण सेव्हेनमध्ये आहे. आलेसहून फ्लोराककडे जाणारा एन 106 हा त्या भागाचा मुख्य रस्ता आहे. त्याच्या दक्षिणेला सँ-झाँ-द्यू-गार या गावापासून फ्लोराकपर्यंत साधारण 50 किलोमीटरचा ‘कॉर्निश दे सेव्हेन’ हा रस्ता डोंगराच्या कण्यावरून जातो. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या सैन्याला बंडखोर प्रोटेस्टंटांच्या दऱ्यांवर वचक ठेवता यावा, हा त्या रस्त्यामागचा हेतू होता. म्हणूनच तो खोऱ्यात न उतरता माथ्यावरून फिरतो आणि म्हणूनच घाईत असलेल्या मोटारचालकाला तो नको असतो. दोन्ही बाजूंना खोल दऱ्या, मध्ये पोंपिदूसारखे एखादे खेडे, आणि सँ-झाँच्या सुमारे 200 मीटर उंचीपासून 1,000 मीटरच्या थोडे वर जाणारा चढ असे त्याचे स्वरूप आहे. अर्थात सुट्टीच्या दिवशी दुपारी मोटारसायकलवाल्यांनाही तो तितकाच आवडतो, तेव्हा इथे शनिवार-रविवार टाळून सकाळी लवकर निघालेले बरे.

याच्या नेमके उलट उदाहरण म्हणजे आर्देश नदीच्या घळीवरून जाणारा डी 290. छायाचित्रांत तो अप्रतिम दिसतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये तिथे पर्यटकांच्या मोटारींची रांग असते. ‘निसर्गरम्य’ आणि ‘शांत’ या दोन गोष्टी एकच नव्हेत. मिशेलिनच्या कागदी नकाशांवर निसर्गरम्य रस्त्यांना हिरवी किनार असते आणि पर्यटकही तीच किनार पाहून येतात. त्या नकाशांवर लाल व पिवळ्या रस्त्यांपेक्षा पांढऱ्या रस्त्यांची जाळी पाहण्याची सवय लावावी.

अंतर मोजणे, चढ न मोजणे

सह्याद्रीत तयार झालेल्या पायांची इथे एक विशेष फसगत होते. कुंभार्ली किंवा आंबा घाट चढलो की घाटमाथा येतो आणि पुढे देशावरचा तुलनेने सरळ रस्ता लागतो, म्हणजे चढाचे देणे एकदाच फेडायचे असते. सेव्हेनमध्ये दऱ्या एकामागोमाग एक समांतर आहेत. त्यांना आडवे छेदत जाणारा मार्ग आखला, तर चारशे-पाचशे मीटर चढायचे, तितकेच उतरायचे आणि लगेच पुन्हा चढायचे, असे दिवसभर चालते. 60 किलोमीटरमध्ये 1,200 मीटर चढ ही इथे काही विशेष गोष्ट नाही. मोबाइलवरचे मार्गआखणीचे अ‍ॅप सर्वात जवळचा मार्ग शोधताना नेमके हेच आडवे छेद देते. म्हणून मार्ग शक्यतो नदीच्या काठाने किंवा डोंगराच्या कण्यावरून ठेवावा आणि आडवा छेद दिवसातून एकदाच द्यावा.

मिशेलिनच्या नकाशावर रस्त्यावर काढलेले छोटे बाण चढाची तीव्रता सांगतात. एक बाण म्हणजे 5 ते 9 टक्के, दोन बाण म्हणजे 9 ते 13 टक्के आणि तीन बाण म्हणजे त्याहून अधिक. बाणाचे टोक चढाच्या दिशेला असते, हे लक्षात ठेवले की फेरी कोणत्या बाजूने सुरू करावी हे घरीच ठरवता येते. सामान लादलेल्या सायकलीला पुढे 34 दात्यांची चेनरिंग (पेडलजवळचे दातेरी चक्र) आणि मागे तितक्याच दात्यांपर्यंत जाणारी कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) असावी, म्हणजे चढावर पेडल हलके पडते. त्याबाबत अभिमान बाळगण्यात काही अर्थ नाही.

दुपारी बारानंतर खाणे शोधणे

शांत प्रदेशात दुकानेही शांतच असतात. सकाळी उघडलेले किराणा दुकान साडेबारापर्यंत बंद होते आणि बहुधा अडीच-तीनला पुन्हा उघडते. खेड्यातल्या उपाहारगृहात जेवण बारा ते दीडच्या दरम्यानच मिळते. पावणेदोनला पोहोचलेल्या माणसाला मालकीणबाई अत्यंत सौजन्याने नकार देतात. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी तर अनेक गावांत काहीच उघडे नसते. पावाच्या बेकरीचाही आठवड्याचा एक सुट्टीचा दिवस असतो आणि तो दारावरच्या पाटीवर लिहिलेला असतो. त्यामुळे सकाळी दिसेल त्या पहिल्या बेकरीतून दुपारचा पाव आणि शेजारच्या दुकानातून चीज घेऊनच पुढे निघावे. शाकाहारी माणसाने तर हे नक्कीच करावे, कारण खेड्यातल्या ‘आजच्या थाळी’त मांस गृहीतच धरलेले असते.

पाण्याच्या कारंज्यावर ‘ओ नों पोताब्ल’ अशी पाटी असेल तर ते पाणी पिण्यायोग्य नाही. तशी पाटी नसली तरी विचारून घ्यावे. तिथले जुने सायकलस्वार गावाच्या दफनभूमीतला नळ शोधतात, कारण फुलांना पाणी घालण्यासाठी तो बहुतेक ठिकाणी असतो.

रिकाम्या रस्त्यावर डावी बाजू धरणे

गर्दीच्या रस्त्यावर उजवीकडून चालण्याचा विसर सहसा पडत नाही, कारण समोरची वाहने आठवण करून देतात. धोका असतो तो शांत रस्त्यावरच. फोटो काढायला थांबलेला माणूस पुन्हा निघताना सवयीने डाव्या बाजूला जातो आणि पुढच्या वळणापर्यंत त्याच्या ते लक्षातही येत नाही. प्रत्येक थांब्यावर सायकल रस्त्याच्या उजव्या कडेलाच उभी करावी, म्हणजे निघतानाही आपण तिथेच असतो.

भाड्याच्या सायकलीचे ब्रेकही तपासावेत. आपल्याकडे अनेक सायकलींवर पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, तर फ्रान्समध्ये तो साधारणपणे डाव्या हाताला असतो. तीव्र उतारावर हे कळणे महागात पडते.

गावात शिरताना उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्या वाहनाला, वेगळी खूण नसल्यास, आधी जाऊ द्यायचे असते. ती गल्ली कितीही किरकोळ दिसली तरी हा नियम लागू होतो. वस्तीबाहेर रात्री किंवा कमी उजेडात परावर्तक जाकीट सक्तीचे आहे आणि सायकल चालवताना कानात इअरफोन घालण्यास मनाई आहे.

पाट्यांकडे काणाडोळा करणे

‘ग्राव्हियों’ ही पाटी दिसली की वेग ताबडतोब कमी करावा. उन्हाळ्यात लहान रस्त्यांच्या दुरुस्तीत डांबर शिंपडून त्यावर बारीक खडी पसरतात आणि ती दाबण्याचे काम येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांवर सोपवतात. चाकांच्या दोन पट्ट्यांत खडी बसलेली असते, पण मधोमध आणि वळणाच्या बाहेरच्या कडेला ती सुटीच राहते. अशा वेळी आधीच्या मोटारीच्या पट्टीतून, सायकल न झुकवता वळावे. 25 मिलिमीटरऐवजी 32 मिलिमीटरचे टायर असतील, तर एरियू खोऱ्यातल्या ‘डोल्चे व्हिया’सारख्या जुन्या रेल्वेमार्गावरच्या सायकलवाटाही वापरता येतात. तिथला पृष्ठभाग बराचसा दाबलेल्या बारीक खडीचा आहे आणि चढ आगगाडीला झेपेल इतकाच आहे.

‘रूत बारे’ म्हणजे रस्ता बंद. सायकल कुठूनही निघून जाईल, असे गृहीत धरून लोक पुढे जातात. पुष्कळदा जाताही येते, पण दुरुस्तीसाठी पूल उखडून ठेवला असेल तर मागे फिरण्यावाचून गत्यंतर नसते. उतार सुरू होण्यापूर्वीच्या शेवटच्या गावात चौकशी करावी, कारण परत फिरायची वेळ आली तर तोच उतार चढून यावे लागेल.

हंगामाचा अंदाज चुकवणे

मे-जून आणि सप्टेंबर हे सर्वांत चांगले महिने. मात्र सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत भूमध्य समुद्रावरून येणारी दमट हवा सेव्हेनच्या डोंगरांना अडते आणि काही तासांत विलक्षण पाऊस कोसळतो. आपल्या मोसमी पावसाची सवय असलेला माणूस ‘थोडे भिजू’ म्हणून निघतो. पण तिथल्या अरुंद दऱ्यांतल्या नद्या फार झपाट्याने चढतात आणि बुटक्या पुलांवरून पाणी वाहू लागते. फ्रान्सच्या हवामान खात्याने त्या जिल्ह्यासाठी नारिंगी किंवा लाल इशारा दिला असेल, तर तो दिवस मुक्कामाच्या गावीच काढावा. क्लेर्मों-फेराँ ते नीम या डोंगरी रेल्वेमार्गाने सुटका करून घेऊ, असेही गृहीत धरू नये, कारण त्या मार्गावर दिवसाला मोजक्याच गाड्या असतात आणि अशा पावसात त्याही रद्द होऊ शकतात.