फूल दुपारी मागू नका! इजिप्तच्या गाड्यांवर खाताना या चुका टाळा

कैरोत नोकरीला होतो ती चार वर्षं नाताळच्या सुट्टीत माझ्याकडे पाहुण्यांची रांग असायची. पुण्याचे, ठाण्याचे, नाशिकचे, एकदा तर दुबईत स्थायिक झालेल्या सांगलीकरांचा अख्खा गोतावळा. माणसं बदलायची, चुका त्याच. पुढे पुढे विमानतळावर बॅगा उचलतानाच कळायचं, ह्याला शत्ता, म्हणजे तिथलं तिखट, भोवणार आणि हिला सुट्टे पैसे. सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

घड्याळ न पाहता खायला निघणं

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे. फूल म्हणजे फावा बीन्सची, हिंदीतल्या बाकल्याची, उसळ म्हणा. नाव ऐकून आपल्याकडचे लोक हमखास एक विनोद करतात, तो करून घ्या आणि पुढे वाचा. हे दाणे मोठ्या पोटाच्या, चिंचोळ्या गळ्याच्या हंड्यात रात्रभर मंद आचेवर शिजतात. गळा लहान म्हणून वाफ आतच कोंडते आणि दाणा लोण्यासारखा मऊ होतो. पहाटे गाडी रस्त्यावर येते. गाडीवाला लांब दांड्याची पळी हंड्यात घालून दाणे थाळीत काढतो, थोडे ठेचतो, वर जिरेपूड, मीठ, लिंबू आणि ‘झेत हार’ म्हणजे चक्क जवसाचं तेल. सोबत आयश बलदी ही कोंड्याच्या पिठाची रोटी, कांद्याची पात आणि तुर्शी, म्हणजे लोणचं. कामावर निघालेली माणसं गाडीला टेकून उभ्याउभ्या दहा मिनिटांत उरकतात. साडेनऊपर्यंत मजा. नंतर हंड्याच्या तळाशी असतो तो लगदा.

आता आपले लोक काय करतात? हॉटेलचा नाश्ता खोलीच्या भाड्यात आलाय म्हणून सकाळी ब्रेड-ऑम्लेट हाणतात, दिवसभर पिरॅमिड बघतात आणि दुपारी तीनला फोन करतात, “ते तुझं फूल कुठे मिळेल रे?”

माझ्या मावसभावाने हेच केलं. मी ऑफिसात. गिझाला पिरॅमिडच्या फाटकासमोर चित्रांचा फलक लावलेल्या एका दुकानात तो शिरला. त्याला मिळालं दोनदा गरम केलेलं फूल आणि सकाळी तळलेली, लाकूड झालेली तामिया नावाची भजी. संध्याकाळी त्याने घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निकाल जाहीर केला: ‘इजिप्तचं जेवण म्हणजे बेचव वाल.’ दुसऱ्या दिवशी साडेसहाला त्याला पांघरुणातून ओढून काढलं आणि सय्यिदा झैनबच्या भागातल्या एका गाडीवर उभं केलं. पठ्ठ्या तीन थाळ्या जेवला. तिसरी थाळी रोटीने पुसताना म्हणाला, “काल हे लोक सुट्टीवर होते का?” ग्रुपवरचा निकाल मात्र त्याने आजतागायत मागे घेतलेला नाही.

तामियाचंही तसंच. ही इजिप्तची फलाफल, पण छोल्यांची नाही, याच फावा बीन्सची. आत कोथिंबीर, पार्सली, शेपू वाटलेला असतो म्हणून मोडली की हिरवीगार दिसते. ती कढईतून निघाल्यापासून पाच मिनिटांत खायची. “पार्सल घेऊ, बसमध्ये निवांत खाऊ” म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय. निवांतपणा हवा असेल तर गाडीपाशी दाखवा.

‘नो मीट’ म्हणणं

शाकाहारी लोकांनी हे दोनदा वाचा. अरबीत ‘लहमा’ म्हणजे गाय, म्हैस, बकरा यांचं मटण. कोंबडी म्हणजे ‘फिराख’, मासे म्हणजे ‘समक’. तुम्ही ‘मांस नको’ म्हणालात की समोरचा आनंदाने कोंबडी वाढतो. त्याच्या मते त्याने तुमचं ऐकलेलं असतं.

आईची मैत्रीण, आमच्या नाशिकच्या मावशी, माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, कांदा-लसूणही चातुर्मासात बंद. चौघीजणी आल्या होत्या, आणि मी बरोबर नसताना एका खाणावळीत गेल्या. “नो मीट, नो मीट” असं हातवारे करून सांगितलं. मालकाने मान डोलावली आणि मसुराचं पिवळंधमक सूप आणून ठेवलं. मावशींची अर्धी वाटी संपली तेव्हा तळाशी छोटंसं हाड लागलं. सूप कोंबडीच्या पाण्यात केलेलं होतं. मावशी काही बोलल्या नाहीत. वाटी बाजूला सरकवली, दिवसभर पाण्याशिवाय काही घेतलं नाही. रात्री मी आल्यावर म्हणाल्या, “त्या माणसाला बोलू नकोस हं. त्याने विचारल्याचंच उत्तर दिलं.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण बरोबर शब्द मला ठाऊक होता आणि मी तो लिहून दिला नव्हता.

तो शब्द म्हणजे ‘सियामी’, उपवासाचं. इजिप्तमधले कॉप्टिक ख्रिस्ती वर्षातले दोनशेहून जास्त दिवस उपवास करतात. त्यात मांस, अंडी, दूध, तूप काहीच चालत नाही. त्यामुळे शहरातल्या मुसलमान स्वयंपाक्यालाही ‘सियामी’ म्हटलं की नेमकं कळतं. शिवाय त्यांचा नाताळचा उपवास २५ नोव्हेंबर ते ६ जानेवारी, म्हणजे ऐन आपल्या सहलींच्या हंगामात, आणि त्या दिवसांत कित्येक ठिकाणी वेगळे सियामी पदार्थ मिळतात. एकच खोच आहे. या उपवासाला मासे चालतात. म्हणून ‘सियामी, मिन घेर समक’, मासे वगळून, असं पूर्ण म्हणा. मावशींना दुसऱ्या दिवशी मी हे कागदावर अरबीत लिहून दिलं. पुढचे सहा दिवस त्या तो कागद आधी पुढे करायच्या आणि मग खुर्ची ओढायच्या.

मलुखियाची हिरवी भाजी बहुतेकदा कोंबडीच्या किंवा सशाच्या पाण्यात शिजते. दिसायला पालकासारखी, म्हणून फसू नका. कांदा-लसूण अजिबात न खाणाऱ्यांसाठी भाजलेलं रताळं, नाईलकाठचं कणीस आणि खारवलेलं तिरमिस, म्हणजे ल्युपिनचे दाणे. संपली यादी.

कोशरीवर शत्ता ओतणं

कोशरीत भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर टोमॅटोची चटणी आणि कुरकुरीत तळलेला कांदा. नाव आपल्या खिचडीवरून आलं असं बहुतेक मानतात. कैरोच्या शॅम्पोलियन रस्त्यावरचं अबू तारिक १९५० पासून हेच एक विकतंय. डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या बैठकीत युनेस्कोने दिवाळी आणि कोशरी दोन्ही आपल्या वारसा यादीत घेतल्या, तेव्हा मला उगाच घरचं कार्य असल्यासारखं वाटलं.

टेबलावर दोन बाटल्या असतात. एकीत दक्का, म्हणजे लसूण-व्हिनेगरचं पाणी, ते सढळ हाताने घाला. दुसरीत शत्ता, तिखट. “आम्ही कोल्हापूरचे” म्हणत ती उपडी करणारे मी तीन पाहिले. आपल्या तिखटाला तेल, खोबरं, कांद्याचा आधार असतो, इथे नुसती मिरची आणि आग. थेंबाने सुरुवात करा. आणि ॲपवरून कोशरी मागवू नका. अर्ध्या तासात मॅकरोनी भिजते, कांदा मऊ पडतो आणि मग तुम्ही कोशरीला नावं ठेवता.

दोनशेची नोट पुढे करणं

२०० पाउंडाची नोट ही तिथली सगळ्यात मोठी, आणि एटीएममधून हीच बाहेर पडते. ती घेऊन सकाळी सातला फुलाच्या गाडीवर गेलात की ‘मफीश फक्का’ ऐकाल, सुट्टे नाहीत. गाडीवाला खोटं बोलत नसतो. मी रोज रात्री किराणा दुकानात पाण्याची बाटली घ्यायचो, तीच मुळी नोट मोडायला.

फलकावरचे आकडेही नीट शिकून घ्या, अर्धा तास पुरतो. त्यांचा पाच हुबेहूब आपल्या शून्यासारखा दिसतो आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसतं टिंब. आपली माणसं पंचवीसचं वीस वाचतात, तेवढेच देतात, वर गाडीवाल्याने हटकलं की ‘लुटायला बसलेत’ म्हणून बाहेर सांगतात. बक्षीस, म्हणजे टीप, हा शब्द मात्र शिकावा लागत नाही, तो दोन्हीकडे आहे.

पोट

पहिले दोन दिवस फक्त तेलातून किंवा आगीवरून थेट हातात आलेलं खायचं, हा माझा नियम. हिरवा पाला, कापलेला टोमॅटो, लोणचं तिसऱ्या दिवसापासून. बर्फ कधीच नाही. उसाचा रस प्यायचा तर जिथे चरक सतत फिरतोय तिथे, आणि माझ्या सॅकमध्ये त्यासाठी स्टीलचा पेला कायम असायचा. एकाच बादलीत विसळलेल्या काचेच्या पेल्यांवर माझा विश्वास नाही, कोणी हसलं तर हसो. चिंचेचं सरबत ‘तम्र हिंदी’, म्हणजे हिंदी खजूर, या नावाने मिळतं. लोक नाव ऐकून हळवे होतात आणि तीन-तीन पेले पितात. चिंच आहे, चिंचेसारखंच वागते.

जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असेल त्यांनी फूल आणि तामिया दोन्ही तोंडाला लावू नयेत, फावा बीन्सने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. इथे हौस चालत नाही.

फसीख, म्हणजे वसंतातल्या शम्म अल-नसीमच्या सणाला खातात ती आंबवलेली खारी मासळी, पाहुण्याने दुरूनच बघावी. १९९१ साली कैरोत तिच्यातून बोटुलिझम ही जीवघेणी विषबाधा होऊन १८ माणसं गेली.

आणखी किरकोळ

रमजानमध्ये दिवसा गाड्या शोधत फिरू नका, सूर्यास्तानंतर निघा आणि मध्यरात्रीनंतरचं सुहूरचं, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या जेवणाचं, फूल चुकवू नका.

चमचा मागू नका. रोटीचा तुकडा दुमडून त्याची खोलगट पळी करतात, तिला ‘मांजरीचा कान’ म्हणतात. जमेपर्यंत सांडेल, सांडू द्या. पण रोटी अर्धी टाकून उठू नका. ‘आयश’ या शब्दाचा अर्थच जगणं, आणि १९७७ मध्ये सरकारने पिठासह रोजच्या जिन्नसांवरची सवलत कमी करायला घेतली तेव्हा अख्खा देश रस्त्यावर उतरला होता.

उन्हाळ्यात फड्या निवडुंगाची बोंडं बर्फावर मांडलेल्या गाड्या दिसतील. गाडीवाला दोन चिरा मारून एका झटक्यात सोलून देतो. त्याला सोलू द्या. मी पहिल्या वर्षी किलोभर घरी आणून स्वतः सोलायला बसलो, आणि शेजारच्या आजी भुवया उपटायचा चिमटा घेऊन रात्री अकरापर्यंत माझ्या बोटांतली कुसळं काढत होत्या.