अडत दुकानाची शिल्लक एआयला विचारता यावी म्हणून छोटा एमसीपी सर्व्हर

समजा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे, लॉट, पोती, सौद्याचे दर सगळं एका एसक्यूलाइट फाइलमध्ये (एकाच फाइलीतला छोटा डेटाबेस) पडलंय आणि मालकाला क्लॉडला, म्हणजे अँथ्रोपिक कंपनीच्या एआयला, सरळ मराठीत विचारायचंय की राजापुरीची किती पोती शिल्लक आहेत. त्यासाठी एमसीपी सर्व्हर. एमसीपी म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, एआयला बाहेरच्या डेटाशी आणि प्रोग्रामशी जोडायची अँथ्रोपिकनं नोव्हेंबर २०२४ मध्ये काढलेली खुली पद्धत आहे ही. सर्व्हर म्हटलं की लोक दचकतात, पण हा दुकानातल्याच कॉम्प्युटरवर चालतो.

मॉडेल, म्हणजे क्लॉड, स्वतः फाइल उघडत नाही बरं का, ते फक्त सांगतं की अमुक टूल (सर्व्हरमध्ये आपण लिहिलेलं फंक्शन) अमुक इनपुट देऊन चालवा, मग क्लॉडचं ॲप तो निरोप सर्व्हरला देतं आणि आपला कोड चालून उत्तर परत जातं.

पायथन ३.१० किंवा पुढचं घ्या, पिपनं (पायथनची पॅकेजं टाकायची कमांड) एमसीपी पॅकेज टाका. व्हर्जन १ मध्ये फास्टएमसीपी क्लास मिळतो, फंक्शन लिहून वर टूलचा डेकोरेटर (@ नं सुरू होणारी ओळ) लावला की झालं टूल.

खरी मेहनत डॉकस्ट्रिंगवर, म्हणजे फंक्शनच्या आत लिहिलेल्या वर्णनावर घ्या. मॉडेलला तुमचा कोड दिसतच नाही, दिसतं ते टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचे टाइप. "माल दाखवतं" असं लिहिलंत तर ते भलत्याच वेळी चालवणार. "हळदीची जात दिली की गोदामातली न विकलेली पोती सांगतं" असं लिहा. एररपण कामाची द्या, "ही जात नाही, राजापुरी किंवा सेलम द्या" एवढं दिसलं की मॉडेल बहुतेक वेळा स्वतःच सुधारून परत विचारतं.

प्रिंट वापरू नका! लोकल सर्व्हर स्टँडर्ड आउटपुटवरूनच बोलतो, मध्ये तुमची ओळ घुसली की मेसेज बिघडतो. लॉग स्टँडर्ड एररवर टाका. आधी एमसीपी इन्स्पेक्टर या सर्व्हर तपासायच्या प्रोग्राममध्ये टूल चालवून बघा, मगच क्लॉड डेस्कटॉपच्या कॉन्फिग फाइलमध्ये पूर्ण पाथ लिहा आणि ॲप नुसतं मिनिमाइज नाही, पूर्ण बंद करून चालू करा.

कुठलीही क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) चालवणारं एकच मोठं टूल देऊ नका, मोह होतो, पण नको. डेटाबेस रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचता येईल असा उघडा. आणि टूलचं उत्तर इंटरनेटवरून मॉडेलकडे जातं, त्यामुळे शेतकऱ्यांचे फोन नंबर, बँक खाती क्वेरीत घेऊच नका.