स्पीडबोटीचे हायड्रॉलिक स्टीअरिंग जड झाले? या चुका टाळा

पावसाळाभर किनाऱ्यावर झाकून ठेवलेली आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर बसवलेल्या) इंजिनाची बोट हंगामाच्या सुरुवातीला पाण्यात उतरवली की स्टीअरिंगचे चाक दोन्ही हातांनी ओढावे लागते, हा कोकण किनाऱ्यावरील अनेक बोटमालकांचा अनुभव आहे. हायड्रॉलिक स्टीअरिंगमध्ये चाकामागचा पंप ऑइल ढकलतो आणि इंजिनाजवळचा सिलिंडर त्या दाबाने इंजिन वळवतो. अशा वेळी पहिली चूक होते ती निदानाआधीच ऑइल भरण्याची आणि हवा काढण्याची. वास्तविक ऑइलमध्ये हवा शिरल्याचे मुख्य लक्षण जडपणा नसून ढिलेपणा हे आहे. चाक स्प्रिंगसारखे दबते आणि टोकापासून टोकापर्यंत नेहमीपेक्षा जास्त फेरे घेते.

दोष कोठे आहे हे ठरवण्याची पद्धत सोपी आहे. इंजिन बंद करून किल्ली काढावी, सिलिंडरला इंजिनाच्या स्टीअरिंग आर्मशी (इंजिन वळवणाऱ्या दांड्याशी) जोडणारा बोल्ट सोडवावा आणि इंजिन हाताने डावीकडे-उजवीकडे वळवून पाहावे. ते सहज वळत नसेल, तर बिघाड हायड्रॉलिक यंत्रणेत नाहीच. ज्या स्विव्हल नळीत इंजिन वळते, तिच्यातील ग्रीस बोट उभी असताना वाळून घट्ट होते आणि खाऱ्या पाण्यामुळे आत गंजाचा थर धरतो. येथे दुसरी चूक घडते: ग्रीसगनने दोन-चार दाब देऊन काम झाले असे समजले जाते. नवे ग्रीस नळीच्या टोकांतून जुन्या ग्रीसला ढकलत बाहेर पडेपर्यंत भरायला हवे. निप्पल (ग्रीस भरण्याचे तोंड) ग्रीस घेतच नसेल, तर तो काढून भोक साफ करावे, गंज सोडवणारे तेल सोडावे, इंजिन दोन्ही बाजूंना हळूहळू हलवत राहावे आणि मगच पाण्याने न धुपणारे मरीन ग्रीस भरावे. या कामाला कधी कधी दोन दिवसही लागतात. याउलट जोर लावून चाक फिरवत राहिल्यास पंपावर आणि सिलिंडरच्या सीलवर विनाकारण ताण येतो. बोल्ट परत जोडताना लॉकनट नवाच वापरावा; वेगात तो सुटला तर बोट ताब्यात राहत नाही.

इंजिन मोकळे असूनही चाक जडच असेल, तर मात्र यंत्रणा तपासावी. ऑइल वाहून नेणारा होज (लवचिक नळी) पिळलेला किंवा मुडपलेला असणे हे त्याचे नेहमीचे कारण असते; दुसरे कारण चुकीचे ऑइल. गाडीचे गिअर ऑइल किंवा ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचे ऑइल या कामासाठी नाही, आणि ब्रेक ऑइल तर सीलच खराब करते. उत्पादकाने सांगितलेलेच ऑइल भरावे. अनेक यंत्रणांना मिल-एच-५६०६ या मानकाचे पातळ ऑइल चालते.

बोट धक्क्याला उभी असताना हलके असलेले चाक वेगात जड होत असेल, तर प्रश्न वेगळा आहे. एखाद्याने दिसायला छान म्हणून १६ इंची चाक काढून १३ इंची बसवले असेल, तर त्याच वळणासाठी हाताला सुमारे सव्वापट जोर लागणारच. चाक एकाच बाजूला जड जात असेल, तर ती पंख्याची (प्रोपेलरची) ओढ असते. हायड्रॉलिक यंत्रणेतील, ऑइल उलटे जाऊ न देणाऱ्या लॉक व्हॉल्व्हमुळे ही ओढ हाताला झटका म्हणून जाणवत नाही, त्यामुळे पंपावर नाहक संशय घेतला जातो. इंजिनाचे ट्रिम (मागे-पुढे कलण्याचा कोन) फार आत किंवा फार बाहेर असले तरी ओढ वाढते, म्हणून आधी ट्रिम बदलून पाहावे. त्यानंतरही बोट उजवीकडे सहज आणि डावीकडे कष्टाने वळत असेल, तर पंख्याच्या वरील ट्रिम टॅबची (लहान पात्याची) मागची कड किंचित उजवीकडे सरकवावी. डावीकडे सहज वळत असेल तर डावीकडे. इंजिन इतके उंच बसवलेले असेल की वेगात टॅब पाण्याबाहेरच राहतो, तर त्याला कितीही फिरवून उपयोग नाही.

बऱ्याच इंजिनांत हाच टॅब गंजरोधक अ‍ॅनोड (स्वतः झिजून इंजिन वाचवणारा धातूचा तुकडा) म्हणूनही काम करतो. झिजल्यावर तो बदलताना कोनाची खूण न करता नवा सरळ बसवला जातो, आणि पुढच्या फेरीत चाक पुन्हा एका बाजूला जड जाऊ लागते.